सुझन स्ट्रेंज : पीएच.डी. नसलेल्या एका प्राध्यापिकेची कारकीर्द

रानजाई

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.ला पहिल्याच सत्रात काही नावं तोंडपाठ होतात: मॉर्गेंथाऊ, वॉल्ट्झ, कोहेन. सुझन स्ट्रेंज हे नाव भेटतं ते पुढे कधीतरी, 'आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र' या वैकल्पिक पेपरात, आणि तेही चार ओळींपुरतं. मला हा अन्याय वाटतो. त्यांच्या सिद्धान्तावर थोडंफार लिहिलं जातं, पण त्यांच्या कारकिर्दीवर मराठीत काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा. आजच्या कुठल्याही निवड समितीपुढे त्यांचा अर्ज ठेवला तर तो पहिल्या छाननीतच बाद होईल. आणि त्यांनी जे प्रश्न विचारले ते त्या आडवाटेनं आल्यामुळेच त्यांना सुचले, असं माझं मत आहे.

जन्म ९ जून १९२३, इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात. वडील लुई स्ट्रेंज पहिल्या महायुद्धातले नावाजलेले वैमानिक. (मे १९१५ मध्ये उडत्या विमानात मशीनगनचं अडकलेलं मॅगझिन काढायला ते उभे राहिले आणि विमान उलटं झालं. ते त्याच मॅगझिनला धरून लोंबकळत राहिले आणि पाय आत घालून, लाथा झाडून विमान सरळ केलं. हे अवांतर आहे, पण लेकीचा स्वभाव कळायला उपयोगी पडतं.) सुझन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेतली, १९४३ साली. युद्धामुळे ती संस्था तेव्हा केंब्रिजला हलवलेली होती.

पदवीनंतर संशोधनाकडे न वळता त्या पत्रकारितेत गेल्या. आधी 'द इकॉनॉमिस्ट', मग 'द ऑब्झर्व्हर'. पंचविशी उलटायच्या आत त्या वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या वार्ताहर होत्या. युद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटन अमेरिकेकडून कर्ज घेऊन उभा राहू पाहत होता, आणि ब्रेटन वुड्सची नवी व्यवस्था (डॉलर सोन्याशी बांधलेला, बाकीची चलनं डॉलरशी) कागदावरून प्रत्यक्षात उतरत होती. जगाच्या पैशाची सूत्रं लंडनहून वॉशिंग्टनला जाताना त्यांनी वार्ताहर म्हणून पाहिली. पुढची पन्नास वर्षं त्या ज्या विषयावर लिहीत राहिल्या, त्याचं बीज मला इथे दिसतं.

१९४९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला त्या आंतरराष्ट्रीय संबंध शिकवू लागल्या. अर्ध्या मनानं म्हणता येईल असं, कारण वर्तमानपत्रातलं लेखन चालूच होतं. पुढे त्यांनी एक आत्मपर निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच 'प्राध्यापक व्हायचं माझ्या मनात कधीच नव्हतं' अशा अर्थाचं आहे. दोन लग्नं, सहा मुलं, आणि पीएच.डी. कधीच नाही. साधारण पंधरा वर्षं शिकवून त्या साठच्या दशकाच्या मध्यावर चॅटम हाउसला, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्सला, संशोधक म्हणून गेल्या.

कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा मी या दशकाला म्हणेन. तिथे त्यांनी पौंडावर पुस्तक लिहिलं, 'स्टर्लिंग अँड ब्रिटिश पॉलिसी', १९७१. १८ नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं, २.८० डॉलरवरून २.४० वर आणलं. अर्थतज्ज्ञ तेव्हा ताळेबंद, व्याजदर, आयात-निर्यात यांवर वाद घालत होते. स्ट्रेंज यांनी वेगळंच विचारलं: साम्राज्य गेलं, कारखाने मागे पडले, तरी पौंड जगाचं चलन राहावा म्हणून सरकार इतका आटापिटा का करतं? त्याची किंमत कोण मोजतं आणि फायदा कुणाच्या पदरात पडतो? या पुस्तकात त्यांनी चलनांची राजकीय प्रतवारी केली. काही चलनं लोक आपणहून वापरतात, कारण ती सगळ्यात वरचढ असतात. काही मालकाची असतात, वसाहतीवर लादलेली. काही सौदेबाजीची, म्हणजे समोरच्यानं ती वापरावीत म्हणून त्याला काहीतरी द्यावं लागतं. आणि काही तटस्थ, ज्यांना अशी हाव नसते. पौंड मालकाच्या गटातून सौद्याच्या गटात घसरला होता. १९६८ मध्ये ब्रिटननं स्टर्लिंग गटातल्या देशांना त्यांच्या पौंडांच्या ठेवींवर डॉलरमधली हमी दिली, हे त्याचं ढळढळीत उदाहरण.

याच काळात, १९७० साली, त्यांचा गाजलेला लेख आला. मुद्दा सरळ होता. अर्थशास्त्रवाले सत्तेकडे पाहत नाहीत, आंतरराष्ट्रीय संबंधवाले बाजाराकडे पाहत नाहीत, आणि दोघांच्या मधल्या पडीक जमिनीत जगाचे सगळे महत्त्वाचे निर्णय होतात. लेख लिहून त्या थांबल्या नाहीत, माणसं जमवली. चॅटम हाउसमध्ये अभ्यासगट सुरू केला, त्यात विद्यापीठातले लोक होते तसे पत्रकार आणि बँकवालेही. ब्रिटिश इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन उभी राहिली त्यातही त्या पुढे होत्या.

१९७८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मॉन्टेग्यू बर्टन अध्यासनाच्या प्राध्यापक झाल्या. त्या अध्यासनावर बसलेल्या पहिल्या महिला. दहा वर्षं तिथे, मग फ्लॉरेन्सजवळ युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये, आणि १९९३ पासून वॉरिक विद्यापीठात. मधे १९९५ साली अमेरिकेतल्या इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनच्या अध्यक्षपदीही होत्या. २५ ऑक्टोबर १९९८ ला गेल्या. महत्त्वाची पुस्तकं बहुतेक साठीनंतरची: 'कॅसिनो कॅपिटॅलिझम' १९८६, 'स्टेट्स अँड मार्केट्स' १९८८, 'द रिट्रीट ऑफ द स्टेट' १९९६, 'मॅड मनी' १९९८.

सिद्धान्ताचं सार एका परिच्छेदात सांगते, बाकी प्रतिसादांत बोलू. त्यांच्या मते सत्ता दोन तऱ्हेची. एक म्हणजे समोरच्याकडून आपल्याला हवं ते करून घेणं. दुसरी त्याहून खोल: ज्या चौकटीत सगळ्यांना वागावं लागतं ती चौकटच ठरवणं. अशा चौकटी त्यांनी चार सांगितल्या: सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान. सत्तरच्या दशकात व्हिएतनाम झालं, डॉलर सोन्यापासून तुटला, जपान वर आला, आणि अमेरिकेत 'आपलं वर्चस्व संपलं' असा सूर लागला. बडे बडे विद्वान तोच सूर आळवत होते. १९८७ मध्ये स्ट्रेंज यांनी लिहिलं की हा भ्रम आहे. चारही चौकटींत अमेरिकाच वर आहे, आणि वर्चस्व गेल्याचं रडगाणं तिला आपली जबाबदारी झटकायला सोयीचं आहे. तेव्हा हे फारसं कुणाला पटलं नव्हतं.

तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः बँकिंग आणि अर्थशास्त्रातल्या मंडळींची.

खजिनदार

उत्तम धागा. आयुष्यभर बँकेच्या परकीय चलन विभागात काढलं, त्यामुळे 'चौकट ठरवणं' म्हणजे काय ते एका व्यवहारावरून सांगतो.

इचलकरंजीचा सूत व्यापारी बांगलादेशातल्या गिरणीला माल पाठवतो. माल सीमा ओलांडतो. विकणारा भारतीय, घेणारा बांगलादेशी, अमेरिकेचा संबंध शून्य. पण एल.सी., म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेनं दिलेलं पैशाचं हमीपत्र, डॉलरमध्ये उघडलेली असते. ढाक्याच्या बँकेचं न्यूयॉर्कमध्ये खातं, आमच्या बँकेचंही तिथेच नोस्ट्रो खातं (परदेशी बँकेत त्यांच्या चलनात ठेवलेलं आपलं खातं), आणि पैसे हलतात ते न्यूयॉर्कमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. म्हणजे दक्षिण आशियातल्या दोन शेजाऱ्यांचा सुताचा व्यवहार निदान काही क्षण अमेरिकी कायद्याच्या हद्दीत येतो. ग्राहकाला याचा पत्ताही नसतो. आमच्याकडे मात्र प्रत्येक नाव निर्बंधांच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे.

हे किती गंभीर आहे ते बीएनपी पारिबाला विचारा. बँक फ्रेंच, व्यवहार सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित, आणि २०१४ मध्ये दंड भरला अमेरिकेला, सुमारे ९०० कोटी डॉलर. कारण एकच, पैसा न्यूयॉर्कमधून गेला. अमेरिकेनं फ्रान्सवर दबाव आणला असं याचं वर्णन करता येत नाही. सगळ्यांना चालावं लागतं तो रस्ताच तिचा आहे.

२०२२ मध्ये रशियाचा सुमारे ३०,००० कोटी डॉलरचा परकीय गंगाजळीतला साठा गोठवला गेला आणि काही रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यातून, बाहेर काढल्या गेल्या, तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटात दिवसभर त्याचीच चर्चा होती. त्याच वर्षी ११ जुलैला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून रुपयात आंतरराष्ट्रीय व्यापार करायची सोय दिली, विशेष व्होस्ट्रो खाती (परदेशी बँकांची आपल्याकडची रुपयातली खाती) उघडायची परवानगी दिली. पण रशियाच्या बाजूला रुपयांचा ढीग साचला, कारण त्यांना आपल्याकडून घ्यायला तेवढा मालच नव्हता. स्ट्रेंज यांच्या प्रतवारीत रुपया अजून सौद्याच्या चलनाच्या उंबरठ्यावर आहे, असं म्हणायला हवं. २०२२ च्या पाहणीत जगातल्या परकीय चलनाच्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. १९८७ मध्ये ज्या बाईंनी हे वर्चस्व शाबूत आहे म्हणून ठणकावून सांगितलं, त्यांना मानलं पाहिजे.

सप्तपर्णी

रानजाई, फार मनापासून लिहिलं आहे. पौंडाचा भाग वाचताना मला सारखे डॉ. आंबेडकर आठवत होते. १९२३ साली, म्हणजे स्ट्रेंज यांच्या जन्माच्याच वर्षी, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झालं आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासासाठी त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि काही मुद्दे पटत नसल्याचं कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे.

दोघांनी विचारलेला प्रश्न किती सारखा आहे पाहा. तेव्हाची चर्चा अशी की रुपयाचा भाव खाली राहिला की निर्यात वाढते, म्हणजे देशाचं भलं. आंबेडकरांनी तिथेच बोट ठेवलं. हा लाभ बाहेरून देशात येत नाही. देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो. किमती चढतात, मजुरी मागे राहते, व्यापाऱ्याचा नफा म्हणजे मजुराच्या ताटातला घास. सरकारच्या हातात चलन किती काढायचं याची मोकळीक नको, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला.

स्ट्रेंज यांनी आंबेडकर वाचले होते असा माझा दावा अजिबात नाही. पण चलनाच्या तांत्रिक चर्चेत 'कुणाचा फायदा' हे विचारणारा माणूस आपल्याकडे त्यांच्या आधी अर्धशतक होऊन गेला, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात तो ग्रंथ कुठेही नसतो. वसाहतीत राहून मालकाच्या चलनाची झळ सोसलेल्यानं केलेला अभ्यास आहे तो. स्ट्रेंज लंडनमध्ये बसून पौंडाचा खर्च ब्रिटनला किती पडला ते मोजत होत्या. आपल्याला किती पडला? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं इथून माल आणि सेवा उचलल्या, त्याबदल्यात लंडनमध्ये पौंडांची नोंद केली, आणि त्या नोंदीच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. महागाईनं लोक होरपळले. स्वातंत्र्याच्या वेळी शंभर कोटी पौंडांच्या वर येणं होतं, आणि तेही आपल्याच पैशातून किती आणि कधी काढायचे यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या. मालकाचं चलन म्हणजे काय याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

दक्षिणकाठ

लेख आवडला, पण 'रिट्रीट ऑफ द स्टेट'वर बोललं पाहिजे. राज्यसंस्था मागे हटते आहे, सत्ता बाजाराकडे सरकते आहे, हा त्यांचा १९९६ चा निष्कर्ष. २००८ मध्ये बँका बुडायला लागल्या तेव्हा वाचवायला कोण धावलं? सरकारंच. कोविडमध्ये सीमा कुणी बंद केल्या, लस कुणी वाटली? सरकारांनीच. चीनमध्ये तर सरकारनं मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांना एका फटक्यात वठणीवर आणलं. मला तो निष्कर्ष नव्वदच्या दशकातल्या हवेचा परिणाम वाटतो.

शिवाय १९८७ मध्ये अमेरिकेची सत्ता शाबूत आहे म्हणायचं आणि नऊ वर्षांनी सगळी राज्यं मागे हटताहेत म्हणायचं, यात विसंगती नाही का?

रानजाई

@दक्षिणकाठ, चांगला आक्षेप आहे. ते पुस्तक शीर्षकावरून वाटतं त्यापेक्षा बारकं आहे. सरकारं नाहीशी होतील असं त्यात नाही, उलट सरकारी कारभाराचा पसारा वाढतोच आहे असं त्या म्हणतात. घटतो आहे तो परिणामांवरचा ताबा. आणि हा ताबा कुणाकडे गेला याचा शोध घेताना त्या कुणाकुणाच्या दारात गेल्या ते पाहा: दूरसंचार कंपन्या, माफिया टोळ्या, विमा उद्योग, हिशेबतपासणीच्या सहा बड्या पेढ्या, कार्टेल म्हणजे संगनमत करणारे कंपन्यांचे गट, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमधले अधिकारी. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकात विमा कंपनीवर आणि ऑडिटरवर वेगळं प्रकरण! सामान्य सिद्धान्तकाराला हे सुचलंच नसतं. बातमीदाराचं डोकं लागतं त्याला. सत्ता कुठे आहे हे आधी ठरवायचं नाही, माग काढत जायचं. आणि त्या सहा पेढ्यांपैकी आर्थर अँडरसन एन्रॉन कंपनीच्या हिशेब घोटाळ्यापायी २००२ मध्ये कोसळली, तेव्हा त्या प्रकरणाचं मोल कळलं.

२००८ चं म्हणाल तर मी उलट वाचते. सरकारं धावली हे खरं, पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय काय होता? जुगाराच्या अड्ड्यावर हरलेल्याची उधारी घरच्यांनी फेडावी तसं झालं. ज्या वित्तबाजारांना १९८६ पासून आवर घालायचा होता त्यांना घातला नाही, आणि शेवटी करदात्याचा पैसा ओतावा लागला. ५ नोव्हेंबर २००८ ला राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गेल्या होत्या. तिथे त्यांनी अर्थतज्ज्ञांना विचारलं की हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. त्याच संस्थेतल्या एका प्राध्यापिकेनं बावीस वर्षं आधी 'कॅसिनो कॅपिटॅलिझम' हे अख्खं पुस्तक लिहून ठेवलं होतं.  हा प्रसंग वाचते तेव्हा प्रत्येक वेळी मला राग येतो.

विसंगतीबद्दल: अमेरिकेच्या संदर्भात त्यांनी पुढे असं मांडलं की बाजाराला मोकळं सोडण्याचे निर्णय मुळात तिनेच घेतले, कधी काही करून आणि बऱ्याचदा काहीच न करता. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली हा केलेला निर्णय. लंडनमधल्या युरोडॉलर बाजाराला, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या डॉलर ठेवींच्या बाजाराला, वाढू दिलं हा न घेतलेला. न घेतलेल्या निर्णयांचाही हिशेब ठेवायचा, ही त्यांची शिकवण मला फार मोलाची वाटते. चीनबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे त्यांची चौकट तोकडी पडते.

खडूफळा

मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. रानजाईंनी निवड समितीचा उल्लेख केला म्हणून लिहितोय.

सेट झालं, नेट झालं, पीएच.डी.ही झाली. दरवर्षी जूनमध्ये नवी मुलाखत, नवं नियुक्तीपत्र, आणि मानधन कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. एका महाविद्यालयात मुलाखतीला मला विचारलं की स्कोअर किती. वर्तमानपत्रात मी परराष्ट्र धोरणावर बरीच वर्षं लिहितो, ते लेख मी फाइलमध्ये लावले होते. समितीतल्या एकानं ती पानं न वाचता उलटली आणि म्हणाले, 'याला गुण नाहीत.' माणूस वाईट नव्हता. त्यांच्या तक्त्यात खरोखरच त्याला रकाना नव्हता.

२०२३ च्या नियमानुसार सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट पुरेसं आहे, पीएच.डी. ऐच्छिक. कागदावर ठीक. प्रत्यक्षात एका जागेला इतके अर्ज येतात की पीएच.डी. नसलेला मागे पडतोच. आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं: पंधरा वर्षांचा अनुभव असेल तर पीएच.डी. नसली तरी चालेल. ऐकायला स्ट्रेंज यांच्यासाठीच केल्यासारखं वाटतं. पण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि तो माणूस पाहुणाच राहतो. स्ट्रेंज यांना चॅटम हाउसमध्ये दहा-बारा वर्षं एका विषयात मुरायला मिळाली. चार वर्षांच्या पाहुण्याकडून पौंडावरचं पुस्तक होत नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो तो अध्यासनाचा नाही. त्या दशकाचा वाटतो.

केवडा

@खडूफळा, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. तुमचे लेख जरूर इथे टाका, आम्ही वाचू.

एक बाजू कुणी मांडली नाही ती मांडते. आडवाटेचं कौतुक करताना हे विसरू नये की १९४३ ला इंग्लंडमध्ये पहिल्या वर्गाची पदवी, लंडनच्या मोठ्या वर्तमानपत्रात शिरकाव, आणि सहा मुलं असताना काम चालू ठेवता येईल असं घर, हे सगळ्यांना मिळत नव्हतं. आणि तरीही प्राध्यापकपद मिळायला पंचावन्नावं वर्ष उजाडलं. त्यांच्याबरोबरच्या पुरुषांना ते चाळिशीत मिळत होतं. आडवाट त्यांनी निवडली असं म्हणताना सरळ वाट बायकांना कितपत मोकळी होती, हेही विचारलं पाहिजे. 'कुणाचा फायदा' हा त्यांचाच प्रश्न त्यांच्या विद्यापीठांना लावून पाहावा.

आमच्या विभागात एक बाई होत्या (नाव घेत नाही). दोन बाळंतपणांमुळे प्रबंध लांबला, नोंदणी रद्द झाली, पुन्हा सुरू केली. निवृत्त झाल्या तेव्हा सहयोगी प्राध्यापकच होत्या. परराष्ट्र धोरणाचा पेपर त्या शिकवायच्या तसा मी नंतर कुठेच ऐकला नाही.

कोकणवारा

कॅनडातून लिहितोय, इथे आंतरराष्ट्रीय संबंधांतच पीएच.डी. करतो. स्ट्रेंज यांच्या स्वभावाचा एक किस्सा नोंदवायलाच हवा.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या 'इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन' या सर्वांत वजनदार नियतकालिकाचा विशेषांक निघाला. संपादक स्टीफन क्रॅस्नर, विषय 'रेजीम', म्हणजे देशादेशांतल्या सहकार्याचे नियम आणि संकेत. तेव्हा या कल्पनेची चलती होती. स्ट्रेंज यांना लेख मागितला. त्यांनी त्याच अंकात लेख दिला तो अख्ख्या अंकाच्या विषयावरच टीका करणारा. जुन्या नकाशांवर अनोळखी प्रदेशात 'सावधान, इथे ड्रॅगन आहेत' असं लिहीत, तसलं लॅटिन शीर्षक. आणि पाच ड्रॅगन मोजून दाखवले: ही तात्पुरती टूम आहे, संकल्पना ढिसाळ आहे, तिच्यात मूल्यांचा कल लपलेला आहे, बदल तिला दिसत नाही, आणि ती सरकारांपलीकडे पाहतच नाही. संपादकांचंही कौतुक, त्यांनी तो लेख जसाच्या तसा छापला, पुस्तकातही ठेवला.

अमेरिकी विद्वत्तेची हीच त्यांची तक्रार होती. आपल्या देशाला पडलेले प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न, असं धरून चालायचं. आज अमेरिकेतल्या इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनमध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे, रूढ समजुतींना आणि आत्मसंतुष्टतेला धक्का देणाऱ्या अभ्यासकासाठी. ही तक्रार पुढे वेगळ्या अंगानं अमिताव आचार्य यांनी मांडली. मूळचे ओडिशाचे, जेएनयूमध्ये शिकले, ऑस्ट्रेलियातून पीएच.डी. केली, आणि २०१४ मध्ये त्या संघटनेचे पहिले बिगर-पाश्चात्त्य अध्यक्ष झाले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी विचारलं की हा विषय फक्त पश्चिमेच्या इतिहासावर का उभा आहे. सप्तपर्णी यांनी आंबेडकरांबद्दल जे लिहिलं ते त्याच दिशेचं आहे. त्यावर कुणीतरी इंग्रजीत शोधनिबंध लिहायला हवा. सप्तपर्णी, तुम्ही मनावर घेणार असाल तर मी मदतीला आहे.

सप्तपर्णी

@कोकणवारा, व्यक्तिगत निरोप पाठवते आहे. हिल्टन यंग आयोगापुढची (भारताच्या चलनावर नेमलेला ब्रिटिश आयोग) बाबासाहेबांची साक्षही त्यात घ्यावी लागेल.

नवखा_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. मी टी.वाय.ला आहे, राज्यशास्त्र घेऊन. पुढे आंतरराष्ट्रीय संबंध करायचं आहे. घरचे म्हणतात आधी स्पर्धा परीक्षा दे. स्ट्रेंज वाचायच्या तर सुरुवात कुठून करू? आणि अर्थशास्त्र कच्चं असेल तर झेपेल का?

खजिनदार

बाळा, अर्थशास्त्र कच्चं असलं तरी झेपेल, त्या सोपं लिहितात. पण एक काम कर. रोज वर्तमानपत्रातलं अर्थविषयक पान वाच आणि १९९१ चं परकीय चलन संकट नीट समजून घे. तेव्हा आपण ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं होतं. ते मुंबईहून विमानानं गेलं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं अवमूल्यन दोनदा झालं. वित्ताची चौकट आपल्या हातात नसली की सार्वभौम सरकारला काय काय करावं लागतं, ते त्यातून जितकं कळेल तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. स्पर्धा परीक्षेलाही ते लागतंच, घरचे खूश.

रानजाई

@केवडा, तुमचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. @खडूफळा, तुमच्याशी फोनवर बोलायला आवडेल.

@नवखा_वाचक, 'स्टेट्स अँड मार्केट्स'पासून सुरुवात कर. सुरुवातीलाच एक गोष्ट आहे. जहाज बुडतं, वाचलेले लोक तीन होड्यांतून एकाच निर्जन बेटाच्या वेगवेगळ्या बाजूंना लागतात. एक गट आधी पहारा आणि शिस्त बसवतो, दुसरा सगळं सारखं वाटून घेतो, तिसरा देवाणघेवाण सुरू करून संपत्ती वाढवतो. मग त्यांची एकमेकांशी गाठ पडते. सुरक्षा, संपत्ती, न्याय आणि स्वातंत्र्य ही चारही मूल्यं प्रत्येक समाजाला हवी असतात, पण कुणाला किती मिळतं ते सत्ता कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं, हे त्या गोष्टीतून पटतं. ती वाचून झाली की वित्ताच्या चौकटीचं प्रकरण घे, उरलेलं नंतर.

त्यानंतर 'कॅसिनो कॅपिटॅलिझम'. 'मॅड मनी' शेवटी. ते १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर लगेच आलं. त्या जायच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९९८ मध्ये, लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडायला आला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हनं मोठमोठ्या बँकांना एका खोलीत बसवून सुमारे ३६० कोटी डॉलर उभे करायला लावले. पुस्तक वाचताना हे डोक्यात ठेव. त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये एक लेख आला, 'द वेस्टफेल्युअर सिस्टिम' (वेस्टफालियाचा तह आणि 'फेल्युअर' यांवरची कोटी). सार्वभौम राष्ट्रांच्या व्यवस्थेला पैसा आवरता आला नाही, पर्यावरण राखता आलं नाही आणि विषमता रोखता आली नाही, असा त्याचा रोख आहे. त्यावर मला वेगळा धागा काढायचा आहे. तोपर्यंत पहिलं प्रकरण वाचून इथे प्रश्न टाक. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत असते. नसेल तर निरोप कर, माझी पाठवते.